मांडीच्या स्नायूंचे बळकटीकरण : विद्युत उद्दीपन आणि व्यायाम

मांडीच्या पुढच्या बाजूला असलेल्या चार स्नायूंच्या गटाला चतुःशिरस्क म्हणतात. फिजिओथेरपिस्टच्या बोलण्यात ते ‘क्वाड्स’. गुडघा सरळ करणे, खुर्चीतून उठणे, जिना उतरताना तोल सांभाळणे ही कामे त्यांची. गुडघ्याची शस्त्रक्रिया, संधिवात किंवा दीर्घ आजारपण आले की ते काही आठवड्यांतच रोडावतात. त्यांना पुन्हा बळ आणण्याचे दोन मार्ग आहेत : स्वतः आकुंचन करून घेतलेला व्यायाम, आणि त्वचेवर पॅड लावून विजेच्या झटक्यांनी घडवलेले आकुंचन.

बाहेरून आकुंचन सारखेच दिसले तरी आतला क्रम वेगळा असतो. आपण मांडी आवळतो तेव्हा मेंदू आधी स्नायुतंतूंचे छोटे, सहज न थकणारे गट कामाला लावतो आणि जोर वाढेल तसे मोठे. हलक्या जोराच्या कामात त्यांना आळीपाळीने विसावाही मिळतो. विजेला ही पाळी ठाऊक नाही. पॅडखालचे तेच ते तंतू ती एकदम आणि पुन्हा पुन्हा ओढते, खोलवरचे बरेचसे सुटून जातात. म्हणून यंत्रावर स्नायू लवकर थकतो. शिवाय तोल, सांध्यांचा मेळ आणि चालण्याची लय यांचा सराव त्यात होत नाही. निरोगी माणसाला बैठका किंवा वजन लावून केलेले व्यायाम सरस ठरतात ते यामुळेच.

याउलट दावा एकेकाळी गाजला होता. सोव्हिएत संशोधक याकोव्ह कोट्स यांनी 1977 मध्ये माँट्रिअल येथे सांगितले, की 2500 हर्ट्झच्या (सेकंदाला 2500 आवर्तनांच्या) प्रवाहाने, 10 सेकंद आकुंचन व 50 सेकंद विश्रांती या बेताने, खेळाडूंचे बळ 30 ते 40 टक्क्यांनी वाढते. ‘रशियन करंट’ हे नाव तिथूनच रूढ झाले. 10 आणि 50 सेकंदांचा बेतही आजवर टिकला आहे. निरोगी लोकांत मात्र एवढी वाढ इतर प्रयोगशाळांना सहसा आढळली नाही.

विजेचे खरे काम दुखावलेल्या गुडघ्यात आहे. सांध्याला सूज आली की मेरुरज्जूतूनच स्नायूला जाणारा आदेश दाबला जातो. रुग्ण मनापासून जोर लावतो, पण मांडी हलत नाही. हा आळस नव्हे. अशा वेळी वीज मेंदूला वळसा घालून थेट चेतातंतूला गाठते. गुडघ्यातील अस्थिबंधाच्या (एसीएल) पुनर्रचनेनंतरचा 1995 मधील एक अमेरिकी अभ्यास येथे महत्त्वाचा आहे. त्यात व्यायाम सर्वच गटांना होता. चार आठवड्यांनी तीव्र उद्दीपन घेतलेल्यांचे बळ निरोगी पायाच्या सुमारे 70 टक्के भरले. तीव्र ऐच्छिक आकुंचनांवर भर दिलेल्यांचे 57 टक्के. सौम्य प्रवाह घेतलेल्यांचे जेमतेम 51 टक्के होते, आणि हा आकडाच सर्वांत बोलका आहे.

प्रवाह सौम्य ठेवला तर बळ वाढत नाही. ‘करंट घेतला’ असे सांगणाऱ्या अनेक रुग्णांना प्रत्यक्षात टेन्स किंवा आयएफटी, म्हणजे वेदना कमी करण्याचा प्रवाह मिळालेला असतो. मुंग्या येतात, पाय जागचा हलत नाही. बळासाठी स्नायू दगडासारखा घट्ट व्हावा लागतो आणि ते सुखद नसते. साधारण 50 ते 75 हर्ट्झ (सेकंदाला तेवढे विजेचे स्पंद), गुडघा बांधून स्थिर, 10 ते 15 आकुंचने आणि सोसेल तेवढा जोर, असा मात्रेचा अंदाज आहे.

वेळही निर्णायक दिसते. गुडघा बदलल्यावर 48 तासांत उद्दीपन सुरू केलेल्या अभ्यासात फायदा आढळला, तो वर्षभर टिकलाही. तीन-चार आठवड्यांनी, वजन वाढवत नेणाऱ्या व्यायामाला जोड म्हणून दिलेल्या उद्दीपनाने मात्र जास्तीचे काही पदरात पडले नाही. तोवर रुग्ण स्वतःच जोर लावू लागलेला असतो.

तीव्र श्वसनविकार किंवा हृदयविकाराने व्यायामच न झेपणाऱ्यांतही ही पद्धत वापरतात. पेसमेकर बसवलेल्यांना किंवा पायाच्या शिरेत गुठळी असलेल्यांना ती सहसा देत नाहीत. मांडीचा चेतातंतूच तुटला असेल, तर नेहमीचे आखूड स्पंद कामाचे नाहीत. स्नायूला थेट हलवणारे बरेच लांब स्पंद लागतात.