‘सावरण्याचा काळ’ या रकान्यात लीड टाइम लिहू नका

एखादा सप्लायर बंद पडला तर तुमच्या कारखान्याची लाइन किती दिवस थांबेल, याचा हिशेब आम्ही करून देतो आणि त्यासाठी तुमच्याकडून एक फॉर्म भरून घेतो. ‘आमचा फॉर्म परत का पाठवला?’ असे फोन आम्हाला सतत येतात. कारण बहुतेक वेळा एकच: चौथ्या रकान्यात सावरण्याच्या काळाऐवजी लीड टाइम भरलेला असतो.

लीड टाइम म्हणजे सगळं सुरळीत असताना ऑर्डर दिल्यापासून माल दारात येईपर्यंतचे दिवस. सावरण्याचा काळ म्हणजे आग, पूर, संप अशा कशानेही सप्लायरचं काम बंद पडलं, तर पूर्वीइतका माल पुन्हा निघू लागेपर्यंतचे दिवस. एखाद्या रबरी सीलचा लीड टाइम 10 दिवस आहे असं धरा. त्याचा मोल्डच, म्हणजे साचाच, जळाला तर? नवा मोल्ड बनणार, ट्रायल होणार, मग सॅम्पल तुमच्याच क्वालिटीच्या टेबलावर पडून राहणार. यात 70 दिवस गेले तर नवल नाही. फॉर्मवर 10 लिहिलेत की आमच्या हिशेबात तो सील निर्धोक ठरतो. चूक कळते शेवटी, आणि प्रत्येक सप्लायरला पुन्हा फोन करण्यात तुमचेच आठवडे जातात. म्हणून फॉर्म आधीच परत येतो. राग मानू नका.

दुसरा आकडा तग धरण्याचा: माल थांबल्यावर तुमची लाइन किती दिवस चालेल? स्टोअरमध्ये 9,000 सील, रोज लागतात 600, म्हणून 15 दिवस, असं डोळे मिटून लिहू नका. त्यातले 2,400 क्वालिटीने होल्डवर ठेवले असतील तर हातात 11च दिवस आहेत. सप्लायरकडून निघालेला, वाटेतला माल मात्र जरूर धरा. तो नसेल तर 70 वजा 11, म्हणजे 59 दिवस लाइन बंद. ही मोजणी आमच्या डोक्यातून निघालेली नाही. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाचे डेव्हिड सिम्ची-लेव्ही आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती मांडली, फोर्डने वापरली.

‘मोठ्या खरेदीचे वीस सप्लायर घ्या, बाकीचे सोडा,’ असंही सांगितलं जातं. आम्ही सोडत नाही, कारण छोट्या खरेदीचा मालही लाइन थांबवू शकतो. गाड्यांच्या रंगाला चमक देणारं झिरॅलिक हे पिगमेंट जपानमधल्या ओनाहामाच्या एकाच कारखान्यात बनत होतं. मार्च 2011च्या भूकंपाने तो बंद पडला आणि कार कंपन्यांना काही रंगांच्या ऑर्डरी थांबवाव्या लागल्या. दोघांचं पिगमेंट एकाच ठिकाणाहून येत असेल, तर रंगाचे दोन सप्लायर असून काय उपयोग?

‘आमच्या सप्लायरना शंभरपैकी किती गुण?’ हेही विचारू नका. असा आकडा मीटिंगमध्ये छान दिसतो, पण कुठला सील वाढवून ठेवायचा ते त्यातून कळत नाही. आम्ही देतो ती यादी: कुठला भाग, किती दिवस कमी, किती साठा हवा.

सप्लायरला ‘किती दिवसांत सावराल?’ असं विचारलंत की ‘दोन आठवडे’ हे उत्तर ठरलेलं. गिऱ्हाईक हातचं जाऊ नये म्हणून कोणीही तेच सांगेल. त्यापेक्षा विचारा: मोल्ड किती आहेत, दुसरा कुठे ठेवलाय, मागचा नवा मोल्ड बनून पास व्हायला किती दिवस लागले? हे फोन आमची माणसंही करतात. त्याचे पैसे वेगळे, पण असा फॉर्म सहसा परत येत नाही.