चुंबकीय बलावर तोललेली तार

विद्युतधारा वाहणाऱ्या आडव्या तारेवर चुंबकीय क्षेत्रामुळे वरच्या दिशेने पडणारे बल तिच्या वजनाइतके झाले, की तार आधाराशिवाय हवेत राहू शकते. तार क्षेत्राला काटकोनात असताना क्षेत्र × धारा × लांबी = वस्तुमान × गुरुत्वत्वरण, एवढीच अट. बलाची दिशा फ्लेमिंगच्या डाव्या हाताच्या नियमाने कळते.

समीकरणातून लांबी गळते हे लगेच दिसते. जाडीही गळते, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. जाड तार जास्त धारा सोसते खरी, पण त्याच प्रमाणात जडही होते. म्हणून प्रश्न उरतो तो दर चौरस मिलिमीटरमागे किती धारा लागेल, एवढाच.

सोलापुरात पृथ्वीच्या क्षेत्राचा आडवा घटक सुमारे ४० मायक्रोटेस्ला (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचे एकक) आणि गुरुत्वत्वरण सुमारे ९.७८ मी./से.² आहे. धारा पश्चिमेकडून पूर्वेकडे सोडली तर बल वर लागते. पण तांब्याची तार उचलायला दर चौ. मिमी.ला सुमारे २,२०० अँपिअर हवेत. घरच्या वायरिंगमध्ये तेवढ्या जाडीची तार दहा-पंधरा अँपिअरच वाहते. हलक्या ॲल्युमिनियमलाही ६६० लागतील, म्हणजे तार तरंगण्याआधी वितळेल.

३१ डिसेंबर २०१३ रोजी दक्षिणेचे ग्रिड उर्वरित देशाशी जोडणारी ७६५ किलोव्होल्टची रायचूर–सोलापूर वाहिनी घ्या. ती नेमकी पूर्व-पश्चिम आहे आणि तारेत हजार अँपिअर आहेत, असे धरले तरी मीटरमागे उचल मिळते चार ग्रॅम वजनाएवढी. अशा तारा मीटरला दोन किलोच्या आसपास भरतात. शिवाय धारा प्रत्यावर्ती, म्हणजे सतत दिशा बदलणारी, ५० हर्ट्‌झची; त्यामुळे बल वरखाली होत राहते आणि सरासरी शून्य.

प्रयोगशाळेत मात्र हे सहज जमते. भाकरी गुंडाळायच्या फॉइलची सेंटीमीटरभर रुंद पट्टी नालाकृती चुंबकाच्या ध्रुवांमध्ये सैल सोडावी. तिथे क्षेत्र ०.१ टेस्ला असेल तर ध्रुवांमधल्या भागाचे वजन पेलायला ३० मिलिअँपिअरच्या आसपास धारा पुरते. टॉर्चचा सेल थेट जोडला तर त्याहून कितीतरी जास्त धारा वाहून पट्टी ताडकन वर उडते. तोल साधायचा तर रिओस्टॅट, म्हणजे धारा कमीजास्त करणारा रोधक, हवाच.

तोल टिकणे ही वेगळी गोष्ट. उंचीबरोबर बल घटत गेले तरच तार मूळ जागी परतते. विरुद्ध दिशांनी धारा वाहणाऱ्या दोन समांतर तारा एकमेकींना दूर ढकलतात; त्यांपैकी वरची तार उभ्या दिशेत स्थिर असते, पण बाजूला निसटते; म्हणून तिला दोन्ही टोकांना उभे मार्गदर्शक दांडे लागतात. किंचित दाबून सोडली, की तारांमधल्या अंतराएवढ्या लांबीच्या साध्या लंबकाच्या आवर्तकालाने ती वरखाली हलते: अंतर १ सेंमी. असेल तर सुमारे ०.२ सेकंद.