रब्बी

रब्बी : ज्यू धर्मशास्त्राचे अध्ययन करून धार्मिक कायद्याच्या प्रश्नांवर निर्णय देण्याची परवानगी मिळालेल्या विद्वानाची उपाधी. हिब्रूत ‘रव’ म्हणजे थोर, धनी किंवा गुरू. ‘रब्बी’ म्हणजे ‘माझे गुरू’. मराठीतला रब्बी हंगाम अरबीतून आला असून त्याचा या उपाधीशी संबंध नाही. मराठी ख्रिस्ती वाचकांना ती शुभवर्तमानांमुळे ओळखीची आहे. तेथे शिष्य येशूला ‘रब्बी’ म्हणतात आणि योहानाच्या शुभवर्तमानात मग्दालीया मरिया ‘रब्बूनी’ अशी हाक मारते. त्या काळी हे आदराचे संबोधन होते, परीक्षेनंतर मिळणारी पदवी नव्हती.

रब्बी हा पुरोहित नव्हे. पुरोहितपण म्हणजे कोहेन असणे, आणि ते अहरोनाच्या वंशात जन्मानेच मिळते. शिकून कोणी कोहेन होत नाही आणि अडाणी असला म्हणून कोणाचे कोहेनपण जात नाही. रब्बीपण मात्र शिकूनच मिळते, मग बाप चांभार असो की सराफ. सामुदायिक प्रार्थनेला दहा प्रौढ ज्यू लागतात (सनातनी म्हणजे ऑर्थोडॉक्स परंपरेत दहा पुरुष), रब्बी लागत नाही. प्रार्थना हझान चालवतो. तोराची, म्हणजे मोशेच्या पाच पुस्तकांची, गुंडाळी ज्याला नीट वाचता येते तो वाचतो. सुंता मोहेल करतो, प्राण्याची धर्मविहित कत्तल शोहेत करतो. लग्नालाही शास्त्राप्रमाणे रब्बी अनिवार्य नाही. वराने वधूला किमान एका परुटाच्या, म्हणजे तालमूद या जुन्या धर्मचर्चेच्या संग्रहाच्या काळातील सर्वांत लहान नाण्याच्या, किमतीची वस्तू (आता बहुधा अंगठी) दोन पात्र साक्षीदारांसमोर ठरलेल्या शब्दांत दिली की लग्न लागते. मग रब्बी हवा कशाला? एखादी गोष्ट चालते की चालत नाही, हे ठरवायला.

उपाधीचा उगम

हिब्रू बायबलमध्ये ही उपाधी कोठेही नाही. इ.स.च्या प्रारंभीचे हिल्लेल आणि शम्माय हे मोठे आचार्य नुसत्या नावाने ओळखले जातात. इ.स. ७० मध्ये रोमनांनी यरुशलेमचे मंदिर पाडले, बलिदान बंद पडले आणि धर्माचा आधार वेदीकडून अभ्यासगृहाकडे गेला. योहानान बेन झक्काय यांनी यावने येथे विद्वानांचे केंद्र उभे केले; ‘रब्बी’ ही रीतसर उपाधी याच सुमारास रूढ झाली. न्यायसभेच्या प्रमुखांना ‘रब्बान’ म्हणत. बाबिलोनमधील विद्वानांना मात्र केवळ ‘रव’ म्हणत, कारण विधिवत अधिकारदान इस्रायलच्या भूमीतच होऊ शके. दहाव्या शतकातील बाबिलोनी विद्यापीठप्रमुख शेरिरा गाओन यांनी दिलेली चढती भाजणी प्रसिद्ध आहे : रवपेक्षा रब्बी मोठा, रब्बीपेक्षा रब्बान मोठा आणि रब्बानपेक्षा नुसते नाव मोठे.

जुने ग्रंथ वाचताना एक खूण उपयोगी पडते. पुढे नाव नसलेला ‘रब्बी’ आला तर तो यहुदा हानासी, म्हणजे इ.स. २०० च्या सुमारास मिश्ना (तालमूदचा मूळ कायदेसंग्रह) संकलित करणारे आचार्य. नुसता ‘रव’ म्हणजे बाबिलोनमधील सुरा येथील विद्यापीठाचे संस्थापक अब्बा अरिखा. भाष्यकार राशी (१०४०–११०५) आणि धर्मशास्त्रकार रामबाम (११३८–१२०४) ही आद्याक्षरांतून बनलेली नावे आहेत. त्यांतला ‘र’ रब्बीचाच. रामबाम आणि रामबान यांत एका अक्षराचा फरक असला तरी माणसे दोन आहेत : पहिले मोशे बेन मैमोन, दुसरे मोशे बेन नाहमान. अनुवादात ही गफलत वारंवार दिसते.

समिखा

अधिकारदानाला ‘समिखा’ म्हणतात. मोशेने यहोशवाच्या डोक्यावर हात ठेवून त्याला आपला वारस नेमले, त्या प्रसंगातून हे नाव आले. प्राचीन समिखा ही गुरूकडून शिष्याकडे अखंड चालत आलेली साखळी मानली जाई. तालमूदमध्ये तिचा नमुना प्रश्नोत्तरांत आला आहे : ‘योरे?’ – ‘योरे.’ ‘यादिन?’ – ‘यादिन.’ ‘यातिर?’ – ‘यातिर.’ म्हणजे विधिनिषेध सांगावेत का, आर्थिक दाव्यांत न्याय द्यावा का, आणि पहिल्या वेताच्या जनावरातले व्यंग तपासून ते वापरास मोकळे करावे का. तिन्ही अधिकार वेगळे देता येत. अब्बा अरिखा यांना पहिले दोन मिळाले, तिसरा नाकारला गेला. ते धनगराकडे अठरा महिने राहून जनावरांची व्यंगे शिकले होते. त्यांची नजर इतकी तयार होती की ते जे मोकळे करतील ते पाहून सामान्य लोक भलत्याच व्यंगाला तोच नियम लावतील, अशी भीती होती. अधिकार नाकारण्याचे तालमूदने दिलेले हे एक कारण. जास्त येते म्हणून परवाना अडला, असे उदाहरण विरळाच.

दुसऱ्या शतकात सम्राट हेड्रियनने समिखेवर बंदी घातली : देणारा व घेणारा दोघांनाही मृत्युदंड, आणि जेथे ती दिली जाईल ते गाव उद्ध्वस्त. वृद्ध यहुदा बेन बाव्हा यांनी कोणत्याच गावावर दोष येऊ नये म्हणून उशा आणि शफराम या गावांच्या मधल्या डोंगराळ जागी पाच शिष्यांना समिखा दिली आणि शिष्यांना पळवून लावून स्वतः रोमन सैनिकांच्या हाती प्राण दिला. पुढे चौथ्या-पाचव्या शतकाच्या सुमारास ती साखळी तुटलीच. १५३८ मध्ये गालीलातील सफेद या गावी याकोब बेराब यांनी ती पुन्हा जोडायचा प्रयत्न केला, पण यरुशलेमच्या लेव्ही इब्न हबीब यांनी कडवा विरोध केला. बेराब यांच्याकडून समिखा घेतलेल्यांत योसेफ कारो होते. त्यांचाच ‘शुलहान आरुख’ हा धर्मसंग्रह पुढे प्रमाण ठरला.

म्हणून आजची समिखा नावाने जुनी असली तरी स्वरूपाने निराळी आहे : ‘याला शिकवता येते, निर्णय देता येतो’ असे परीक्षकांनी सहीनिशी दिलेले प्रमाणपत्र.

परीक्षेत काय असते

सनातनी परंपरेत नेहमीची पदवी ‘योरे योरे’. तिचा गाभा म्हणजे शुलहान आरुखचा ‘योरे देआ’ हा भाग, त्यातही आहाराचे नियम. मांसातले रक्त काढायला मीठ लावणे, मांस आणि दूध एकत्र न करणे, निषिद्ध व विहित पदार्थांची भेसळ हे तीन विषय बहुतेक ठिकाणी सक्तीचे; शब्बाथ (शनिवारचा विश्रामदिन), स्त्रीच्या मासिक पाळीचे नियम किंवा सुतक हे संस्थेप्रमाणे जोडले जातात. ‘यादिन यादिन’ ही वरची पदवी धर्मन्यायालयात बसणाऱ्या दयानसाठी असते. ती आर्थिक व्यवहाराच्या कायद्यावर आधारलेली आहे.

मिठाचा विषय सोपा वाटतो. मांस अर्धा तास पाण्यात भिजवायचे, निथळवून सर्व बाजूंनी मीठ लावायचे, रक्त वाहून जाईल अशा उतरत्या किंवा भोके असलेल्या फळीवर तासभर ठेवायचे, मग तीनदा धुवायचे. परीक्षक विचारतो ते ‘का’. पिठासारखे बारीक मीठ लगेच विरघळते आणि रक्त ओढत नाही. फार जाड खडे घरंगळून पडतात. म्हणून मध्यम दाण्याचे. फळी सपाट असली तर सुटलेले रक्त साचून मांस त्यातच भिजते. यकृतात रक्त इतके असते की मीठ पुरत नाही, ते विस्तवावरच भाजावे लागते.

प्रत्यक्ष प्रश्न असा येतो : मांसाचा रस्सा उकळत होता आणि घाईत दुधाच्या भांड्यांतला चमचा त्यात बुडाला. रब्बी लगेच हो-नाही म्हणत नाही. रस्सा हात भाजेल इतका गरम होता का? तो चमचा गेल्या चोवीस तासांत गरम दुधात वापरला होता का? त्याचा किती भाग आत गेला? रस्सा त्या भागाच्या साठपट आहे का? साठपट असेल तर रस्सा चालतो. चमचा चोवीस तास कोरा पडून असेल तर साठपट नसला तरी चालतो, कारण धातूत मुरलेली चव एव्हाना बिघडलेली मानतात. मात्र चमचा उकळत्या पाण्यात शुद्ध केल्याशिवाय पुन्हा वापरायचा नाही. पाठांतरावर परीक्षा सुटते, पण असे प्रश्न विचारायची सवय लागायला अनुभवी रब्बीजवळ बसावे लागते. त्या उमेदवारीला ‘शिमुश’ म्हणतात.

विचारणाऱ्यालाही नियम आहेत. एका रब्बीने निषिद्ध ठरवलेली वस्तू दुसऱ्याने मोकळी करू नये, असे तालमूद सांगते. म्हणून दुसऱ्याकडे जायचेच असेल तर पहिल्याचा निर्णय आधी सांगावा लागतो. सोयीचा कौल मिळेपर्यंत दारे ठोठावणे हे पाप तर आहेच, पण त्या निर्णयाला किंमतही राहत नाही.

पोटापाण्याचा प्रश्न

‘तोराला खोदायची कुदळ करू नका’ असा मिश्नेतला दंडक आहे. तालमूदकाळचे आचार्य हाताला काम असलेले होते : एक योहानान चपला शिवत, एक यित्झाक लोहारकी करीत. रामबाम यांनी विद्येवर पोट भरण्याची कडक शब्दांत निंदा केली आणि स्वतः कैरोत वैद्यकी केली. पण १३९१ च्या दंगलींनंतर मायोर्काहून अल्जीअर्सला आलेले वैद्य शिमोन दुरान यांनी गरजेपोटी पगार घेतला आणि तो का घेता येतो याचे सविस्तर समर्थन लिहिले. तोड अशी निघाली की पैसे शिकवल्याचे नाहीत, दुसरा धंदा सोडून घालवलेल्या वेळेची ही भरपाई आहे. आजही सनातनी रब्बीच्या वेतनामागची शास्त्रीय भूमिका हीच.

पूर्व युरोपात रब्बी प्रार्थनागृहात वर्षातून दोनदाच रीतसर व्याख्यान देई : पासोव्हर (वल्हांडण) सणाच्या आधीच्या शब्बाथला आणि रोश हशाना (नववर्ष) व योम किप्पूर (प्रायश्चित्ताचा दिवस) यांमधल्या शब्बाथला. दर आठवड्याचे प्रवचन, रुग्णभेटी, समुपदेशन हे एकोणिसाव्या शतकात जर्मनीत घडलेले रूप. त्यावर शेजारच्या ख्रिस्ती पाळकाची छाप उघड आहे. पादुआ (१८२९) आणि ब्रेस्लाऊ (१८५४) येथील रब्बी विद्यालयांनी तालमूदबरोबर इतिहास आणि भाषाशास्त्रही शिकवले.

निरनिराळी नावे

सेफारदी (मूळच्या स्पेन-पोर्तुगालच्या) आणि बगदादी ज्यूंत ‘हाखाम’ म्हणतात. ऑटोमन राज्यातील मुख्य रब्बी ‘हाखाम बाशी’ होता. येमेनमध्ये ‘मोरी’. ‘रेब्बे’ हा भक्तिप्रधान हसिदी पंथाचा आध्यात्मिक नेता. ते पद बहुधा घराण्यात चालते. रेब्बे विद्वान असतोच, पण अनुयायी त्याच्याकडे निर्णयासाठी जातात त्याहून अधिक आशीर्वादासाठी जातात. पूर्व युरोपातील ज्यूंच्या यिद्दिश भाषेतले ‘रेब’ ही कोणत्याही गृहस्थाला लावायची साधी आदरार्थी जोड आहे; तिचे भाषांतर ‘रब्बी’ केले की गावचा दूधवालाही रब्बी होऊन बसतो.

इस्रायलमध्ये १९२१ पासून दोन मुख्य रब्बी आहेत, एक अश्केनाझी (मध्य व पूर्व युरोपातील परंपरेचा) आणि एक सेफारदी. पहिले अब्राहम यित्झाक कूक आणि याकोब मेईर. ज्यूंची लग्ने आणि घटस्फोट तेथे याच यंत्रणेच्या हाती आहेत. म्हणून परदेशी रब्बीने दिलेले धर्मांतराचे प्रमाणपत्र तेथे मान्य होईल की नाही, हे त्या रब्बीची समिखा कोणी दिली यावर अडू शकते.

रब्बीच्या पत्नीला पूर्वापार ‘रब्बानित’ किंवा ‘रेबेत्सिन’ म्हणत. स्त्री स्वतः रब्बी झाल्याचे पहिले उदाहरण रेगिना योनास यांचे : जर्मनीत १९३५ मध्ये समिखा, १९४४ मध्ये आउशवित्झ येथे मृत्यू. अमेरिकेत सुधारणावादी पंथाने १९७२ मध्ये सॅली प्रीसँड यांना आणि कॉन्झर्वेटिव्ह पंथाने १९८५ मध्ये एमी आयल्बर्ग यांना रब्बी केले. सनातनी पंथाच्या बहुसंख्य संस्था ते मानत नाहीत.

कोकणातील बेने इस्रायल

रब्बी नसेल तर काय चालते आणि काय अडते, हे कोकणच्या बेने इस्रायल ज्यूंकडे, म्हणजे ‘शनवार तेल्यां’कडे, पाहिले की कळते. शनिवारी घाणा बंद, आठव्या दिवशी सुंता, मुखी ‘शमा’ ही प्रार्थना, आणि खवले-पर असलेलेच मासे, एवढे त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या रब्बीविना सांभाळले. परंपरा सांगते की दाविद रहाबी नावाच्या पाहुण्याने बायकांपुढे सगळ्या जातींची मासळी ठेवली. त्यांनी बिनखवल्यांची बाजूला काढली आणि हे ज्यूच आहेत अशी त्याची खात्री पटली. त्याने झिराडकर, राजपूरकर आणि शापूरकर या घराण्यांतील तिघांना शिकवून तयार केले. त्यांना ‘काझी’ म्हणत. ते गावोगाव फिरून विधी करीत आणि तंटे सोडवीत; पद वंशपरंपरेने चाले. मुंबईत १७९६ मध्ये सामुएल दिवेकर यांनी पहिले प्रार्थनालय बांधले आणि हळूहळू काझीचे काम हझानाकडे गेले.

अडले ते घटस्फोटापाशी. ‘गेट’ हे घटस्फोटपत्र बारा ओळींत, त्याच स्त्रीसाठी खास लिहावे लागते. नवराबायकोची नावे, टोपणनावे आणि गाव, तेही तेथल्या नदी वा झऱ्यासह, अचूक हवे. ते दोन साक्षीदारांसमोर स्त्रीच्या हाती द्यावे लागते. नावात चूक झाली तर पत्र बाद होऊ शकते. मग ती स्त्री पहिल्याचीच पत्नी राहते आणि पुनर्विवाहातली संतती ‘मामझेर’ ठरून तिला सामान्य ज्यूशी लग्न करता येत नाही. म्हणून तालमूद बजावते की ज्याला या कायद्याचे मर्म ठाऊक नाही त्याने त्यात हात घालू नये. निपुत्रिक विधवेला दिरापासून मोकळे करणाऱ्या ‘हलित्झा’ विधीचेही तसेच.

बेने इस्रायल इस्रायलला गेल्यावर, त्यांचे रब्बीविना झालेले जुने घटस्फोट वैध होते का, हीच शंका पुढे आली. मुख्य रब्बीमंडळाने १९६१ मध्ये त्यांच्याशी विवाह तत्त्वतः मान्य केला, पण १९६२ च्या सूचनांत विवाह नोंदवणाऱ्यांना त्यांच्या मागल्या पिढ्यांची चौकशी करायला सांगितले. समाज रस्त्यावर उतरला. ऑगस्ट १९६४ मध्ये क्नेसेटच्या (इस्रायली संसदेच्या) खास बैठकीत बेने इस्रायल हे सर्व बाबतींत इतर ज्यूंसारखेच असल्याचे जाहीर झाले आणि त्याच महिन्याच्या अखेरीस रब्बीमंडळाने सूचनांतून त्यांचे नाव काढले. चौकशीचे कलम मात्र तसेच राहिले. आता ते ज्याच्या कुटुंबाबद्दल शंका असेल अशा कोणाही ज्यूला लागू झाले.