सोलापूरचं आंदण: विजापूर आणि नगर एक झाली असती तर?

विजापूरची आदिलशाही आणि नगरची निजामशाही एक झाली असती तर, अशा जर-तरच्या गोष्टी बहुधा विजयनगरविरुद्धच्या तालिकोटच्या लढाईपासून (1565) सुरू होतात. लढाईआधी नगरच्या सुलतानाची मुलगी चांदबिबी विजापूरच्या अली आदिलशहाला दिली, सोलापूरचा भुईकोट तिच्याबरोबर आंदण गेला आणि बदल्यात अलीची बहीण नगरच्या शहजाद्याला दिली. एवढं सगळ्यांना पाठ असतं. मग लेखक चांदबिबीच्या पोटी मुलगा घालतो आणि दोन गाद्या एक करतो. पण खरी गोम चाळीस वर्षं आधीची आहे, आणि ती सोलापुरातच घडली.

1524 मध्ये दोन्ही सुलतान सोलापुरात भेटले आणि विजापूरच्या सुलतानाची बहीण नगरच्या बुऱ्हाणला दिली. वाटाघाटीत विजापूरच्या सेनापतीने सोलापूरचा किल्ला आंदण देण्याचा शब्द टाकला, आणि लग्न झाल्यावर सुलतानाने हात झटकले: शब्द माझा नाही, नोकराचा. नगरचं म्हणणं, त्या शब्दावरच तर लग्न ठरलं. पुढच्याच वर्षी बुऱ्हाण वऱ्हाड आणि बीदरची कुमक घेऊन सोलापूरवर चालून आला आणि हरला. विजापूरकडे झुकणारे इतिहासकार सेनापतीवर खापर फोडतात. ते पटत नाही. सुलतान त्या भेटीला जातीने हजर होता. सोयरीक ठरताना काय कबूल केलं हे त्याला ठाऊक नसेल, हे मानणं अवघड आहे.

मात्र किल्ला न देण्यामागचं कारण अगदी साधं होतं. सोलापूरहून विजापूर शंभर किलोमीटरच्या आसपास. तोफा बैलांनी ओढत नेल्या तरी आठवडाभराची मजल, आणि वाटेत मोठी आडकाठी म्हणजे एक भीमा. पावसाळ्यात ती फौज अडवते, दसऱ्यानंतर मात्र उतार मिळतो. सोलापूर शत्रूच्या हाती गेलं की दर मोसमात राजधानीला धाक. त्यात हा कोट घ्यायला कठीण: एका अंगाला सिद्धेश्वर तलाव, उरलेल्या बाजूंना खंदक, आत दुहेरी तट. पाण्याखालून सुरुंग खणता येत नाही, त्यामुळे वेढा लांबतो आणि घालणाऱ्याचाच दाणावैरण संपतो.

किल्ल्याबरोबर साडेपाच परगण्यांचाही वाद होता. बहमनी राज्य मोडताना परांड्याच्या सरदाराकडे अकरा परगणे होते. सोलापूर धरून बसलेल्या त्याच्या भावाने निम्मे मागितले, आणि पुढे ते विजापूरने गिळले. 1524 पासून किल्ला आणि परगणे यांवरून दोन्हींकडून मोहिमा निघत राहिल्या. म्हणून चांदबिबीच्या लग्नात किल्ला खरोखर हाती दिला गेला, हा मोठा फरक होता.

पंथाचीही अडचण होती. 1524 मध्ये विजापूर शिया आणि नगर सुन्नी. पुढे पारडं उलटलं: 1534 मध्ये विजापूर सुन्नी झालं, 1537 मध्ये नगर शिया. मधली तीन वर्षं सोडली तर 1558 ला अली गादीवर आल्यावरच दोन्ही दरबार एका पंथाचे झाले. एकीकरण त्याआधी दाखवलं तर उलेमा आणि सरदारच ते मोडतील.

आता चांदबिबीचा तो कल्पनेतला मुलगा. तो 1566 च्या आत जन्मायला हवा, उशीर चालणार नाही. अली 1580 मध्ये मारला गेला तेव्हा वारस ठरलेला पुतण्या नऊ वर्षांचा होता. कारभाऱ्यांची आपसात जुंपली आणि एकाने तर चांदबिबीलाच साताऱ्याच्या किल्ल्यात डांबलं. लहान मुलगा घातला तर हेच नाव बदलून पुन्हा होईल. चौदा-पंधरा वर्षांचा हवा, म्हणजे निदान शिक्का त्याच्या हातात राहील.

नगरची गादी मिळण्याची संधी 1588-89 ची. तिथल्या सुलतानाला त्याच्याच मुलाने मारलं, पुढल्याच वर्षी तो मुलगाही मारला गेला, आणि गादीवर कोण बसवायचा हे हबशी, दख्खनी आणि परदेशी सरदारांच्या गटांवर ठरू लागलं. मुलीच्या मुलाचा हक्क कायद्याने कमजोर असला तरी गादी द्यायची सत्ता सरदारांकडेच होती. विशीतला, विजापूरची फौज पाठीशी असलेला नातू त्यांना चालला असता, पण एका अटीवर: परदेशी सरदारांना त्याने विजापुरातून बरोबर आणू नये. नगरात त्याच वर्षी त्यांची कत्तल झाली होती.

राजधानी कुठे? नगरहून विजापूर सांभाळणं कठीण, विजापुरातून वऱ्हाड त्याहून कठीण, आणि वऱ्हाड तर नगरने 1574 मध्येच घेतलेलं. मधल्या वाटेवर पाणी आणि तट दोन्ही असलेली जागा सोलापूर किंवा परांडा. असं राज्य 1595 मध्ये मुघल नगरच्या तटाखाली आले तेव्हा उभं असतं, तर 1596 च्या तहात वऱ्हाड सोडावंच लागलं नसतं.