पासवर्ड नेमकं कोण मागतंय?

वापरलेला लॅपटॉप हौसेनं घरी आणला, बटण दाबलं, आणि पडद्यावर भलत्याच कुणाचं नाव, एका कुत्र्याचा फोटो आणि पासवर्डची रिकामी चौकट. विकणाऱ्याला फोन केला तर म्हणाला, "१२३४ टाकून बघा." नव्हता तो.

अशा वेळी जाणकार मित्र डोळे झाकून सांगतात, "फॉरमॅट मार." सल्ला बहुतेक वेळा बरोबर निघतो. पण कधीकधी साफ तोंडावर आपटवतो. फरक कशानं पडतो हे समजायचं तर आधी बघायचं, की पासवर्ड नेमकं मागतंय कोण.

बटण दाबल्यावर सगळ्यात आधी जागी होते ती मदरबोर्डवरच्या चिपमधली छोटी प्रणाली. पूर्वी तिला बायोस म्हणायचे, आता यूईएफआय. ती मेमरी तपासते, कीबोर्ड चाचपते, डिस्क शोधते आणि कारभार ऑपरेटिंग सिस्टिमच्या हाती देऊन बाजूला होते. कुत्र्याचा फोटो दिसला म्हणजे हा हस्तांतरणाचा कार्यक्रम उरकलेला आहे. चौकट विंडोजनं काढलेली आहे, आणि विंडोज म्हणजे तरी काय, डिस्कवर ठेवलेल्या फायलीच.

त्यांतल्याच सॅम नावाच्या फायलीत पासवर्डची नोंद असते, पण पासवर्ड नसतो. असतो तो त्याचा हॅश, म्हणजे गणितानं काढलेला ठसा. एखाद्या दहा आकडी संख्येतल्या अंकांची बेरीज ४१ आहे एवढंच सांगितलं, तर मूळ संख्या ओळखता येईल? बेरीज करणं सोपं, उलटं जाणं अशक्य. हॅश याच जातीचा, फक्त कितीतरी चिवट. बेरीज ४१ येणाऱ्या संख्या ढीगभर सापडतील, पण चांगला हॅश असेल, तर एकच हॅश देणारे दोन पासवर्ड शोधायला गेलात तरी हाती काही लागत नाही. पासवर्ड जसाच्या तसा ठेवला तर काय होतं, ते एकदा दिसलंच. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातल्या सीटीएसएस या संगणकप्रणालीत पासवर्ड उघडेच साठवलेले असत. १९६६ मध्ये तिथं दोन फायलींची अदलाबदल झाली आणि स्वागताच्या संदेशाऐवजी सगळ्यांच्या पासवर्डची यादीच प्रत्येकाच्या समोर उमटू लागली!

म्हणजे विंडोज हा पहारेकरी. पण पहारेकरी जागा असेल तरच अडवणार ना? पेनड्राइव्हवरून लिनक्स ही दुसरीच ऑपरेटिंग सिस्टिम सुरू केली, की डिस्कवरची विंडोज उठतच नाही. डिस्क कूटबद्ध, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारी, केलेली नसेल तर आधीच्या मालकाचे फोटो, पत्रं, बँकेचे कागद सगळं समोर. ते उघडून बघू नये, हे काय सांगायला हवं? मी तर म्हणेन, याच टप्प्यावर त्या मालकाला विचारून घ्यावं, काही हवंय का म्हणून. मालक कोण तेच कळत नसेल आणि विकणारा बिल दाखवायला टाळाटाळ करत असेल, तर प्रश्न पासवर्डचा नाही, चोरीच्या मालाचा आहे.

आता प्रत्यक्ष काम. दुसऱ्या संगणकावर नव्या सिस्टिमची आयएसओ फाइल, म्हणजे अख्खी सिस्टिम एकाच फायलीत बांधलेली, उतरवून घ्यायची. सोबत बहुधा ६४ अक्षर-अंकांची एक ओळ दिलेली असते. तोही हॅशच. उतरवलेल्या फायलीत एक बिट जरी इकडचा तिकडे झाला तरी ही ओळ पार बदलते, म्हणून ती ताडून बघायची. मग ८ जीबीचा पेनड्राइव्ह. त्यावर फाइल नुसती कॉपी करून भागत नाही, रूफससारख्या सॉफ्टवेअरनं ती बूट होईल, म्हणजे संगणक तिच्यावरून सुरू होईल, अशी उतरवावी लागते. लॅपटॉप सुरू करताना कंपनीप्रमाणे एफ१२, एफ२ किंवा एस्केप टकटकवत राहायचं. माझ्याकडून ती वेळ तीनदा चुकली. शेवटी पासवर्डच्याच पडद्यावर, कोपऱ्यातल्या बटणातून शिफ्ट दाबून धरत रीस्टार्ट केलं, तेव्हा पेनड्राइव्हवरून सुरू करायचा पर्याय निमूट समोर आला.

पुढे जुनी पार्टिशन्स, म्हणजे डिस्कवरचे कप्पे, उडवायची आणि नवी सिस्टिम टाकायची. पटकन मारलेल्या फॉरमॅटनं वही कोरी होत नाही, अनुक्रमणिका फाटते, हे मात्र विकणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं. विंडोज ८ पासूनच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये परवान्याची किल्ली मदरबोर्डवरच असते, त्यामुळे तीच आवृत्ती टाकली तर ती आपोआप लागू होते. पण विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते. जुन्या यंत्रावर मी सरळ लिनक्सच टाकतो. जमलं तर फिरती हार्डडिस्क काढून एसएसडी बसवावी. मिनिटाला ५४०० फेरे घेणाऱ्या तबकडीचा एक फेरा म्हणजे सुमारे ११ मिलिसेकंद. हवी ती माहिती वाचणाऱ्या हेडखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा थांबायचं, तेही दर वेळी. एसएसडीत फिरणारं काही नाहीच.

आता फसण्याच्या जागा. पडदा काळा असतानाच पासवर्ड मागितला, तर मागणारी ती मदरबोर्डवरची चिप आहे. नाण्याएवढा ३ व्होल्टचा सेल काढा, पासवर्ड जाईल, हा तोडगा जुन्या डेस्कटॉपवर चालायचा. लॅपटॉपमध्ये हा पासवर्ड बहुधा विजेशिवाय टिकणाऱ्या मेमरीत असतो. सेल काढून मी एक अख्खी दुपार घालवली, पासवर्ड जागच्या जागी. इथं खरेदीचा पुरावा घेऊन कंपनीकडे जायचं, नाहीतर मदरबोर्ड बदलायचा. कधी डिस्क स्वतःच पासवर्ड मागते, मग ती दुसऱ्या यंत्राला लावली तरी बधत नाही. नवी डिस्क घातली की लॅपटॉप मोकळा. बिटलॉकर या विंडोजमधल्या डिस्क कूटबद्ध करायच्या सोयीची गंमत उलटी. तिथं माहिती खरोखरच कूटबद्ध असते, ४८ अंकी किल्लीशिवाय वाचता येत नाही. पण ती नकोच असेल, तर फॉरमॅट खुशाल चालतो.

सगळ्यात चिवट पासवर्ड लॅपटॉपमध्ये नसतोच. नव्या मॅकबुकचं ॲक्टिव्हेशन लॉक, म्हणजे मालकाच्या ॲपल खात्याला बांधलेलं कुलूप, किंवा एखाद्या संस्थेनं आपल्या व्यवस्थेत नोंदवलेला विंडोजचा लॅपटॉप घ्या. विंडोज नव्यानं टाकली, वायफाय जोडलं, की यंत्र दूरच्या सर्व्हरला आपली ओळख सांगतं आणि उत्तर येतं, हा अमक्या संस्थेचा आहे. ती नोंद जुन्या मालकालाच त्याच्या खात्यातून काढावी लागते. म्हणून पैसे देण्याआधी विकणाऱ्यासमोरच लॅपटॉप रीसेट करून घ्यावा, मोबाइलचं नेट जोडावं आणि पहिल्या पडद्यावर कुणाचं नाव येतं ते बघावं.