डावखुऱ्या देवाचा पक्षी

गच्चीतल्या जास्वंदीवर हमिंगबर्ड आल्याचा फोटो दरवर्षी कुणीतरी पाठवतंच. तो शिंजीर असतो. फुलातला मध पिणारा, चोच बाकदार, उन्हात झळकणारा. घोटाळा होणं स्वाभाविक आहे. पण हमिंगबर्डच्या साधारण ३६० जाती आज फक्त अमेरिका खंडांत आहेत, अलास्कापासून पार दक्षिण टोकापर्यंत. जर्मनीत त्यांच्या पूर्वजांचे तीन कोटी वर्षांपूर्वीचे जीवाश्म सापडलेत खरे, पण माणसानं त्यांच्या गोष्टी रचल्या त्या अटलांटिकपलीकडेच.

त्यातली सगळ्यात थरारक गोष्ट मेक्सिकोतल्या अझ्टेकांची. त्यांचा युद्धदेव हुइत्झिलोपोच्त्ली. 'हुइत्झिलिन' म्हणजे हमिंगबर्ड, 'ओपोच्त्ली' म्हणजे डावा. डावा म्हणजेच दक्षिणेचा, कारण सूर्याच्या वाटेनं पश्चिमेकडे तोंड केलं की दक्षिण डाव्या हाताला येते. आपण पूर्वेला तोंड करून उभे राहतो, म्हणून आपल्याकडे उजव्याचं नाव तेच दक्षिणेचं.

त्याची आई कोआत्लिक्वे डोंगरावरचं देऊळ झाडत असताना वरून पिसांचा एक गोळा पडला. तिनं तो उचलून कमरेला खोचला आणि तिला दिवस गेले. घराण्याची अब्रू गेली म्हणून मुलगी कोयोल्शाउकी आपल्या चारशे भावांना घेऊन आईला मारायला निघाली. ती वर पोहोचते न पोहोचते तोच हा शस्त्रं घेऊनच जन्मला, बहिणीचे तुकडे केले आणि डोंगरावरून खाली लोटले. १९७८ मध्ये मेक्सिको सिटीत वीज कंपनीचे कामगार खोदत असताना तीन मीटरहून मोठी गोल शिळा लागली. तिच्यावर हीच तुटलेली कोयोल्शाउकी कोरलेली होती. त्यातूनच तिथल्या मुख्य मंदिराचं मोठं उत्खनन सुरू झालं.

युद्धदेवासाठी एवढासा पक्षी का निवडला, हा प्रश्न त्याला लांबून पाहणाऱ्यालाच पडेल. नर आपल्या फुलांच्या ताटव्याजवळ दुसऱ्याला फिरकू देत नाही. आकाराने कितीतरी मोठ्या पक्ष्यांवरही सरळ चाल करून जातो. लढाईत पडलेले योद्धे चार वर्षं सूर्याची सोबत करतात आणि मग हमिंगबर्ड किंवा फुलपाखरं होऊन मध चोखत फिरतात, असं अझ्टेक मानत.

मला मात्र त्यांची दुसरी एक समजूत जास्त मोलाची वाटते. बर्नार्दिनो द सहागुन या फ्रान्सिस्कन धर्मोपदेशकानं सोळाव्या शतकात नाहुआ, म्हणजे अझ्टेक ज्यांच्यातले त्या स्थानिक लोकांतल्या जाणकारांना हाताशी धरून एक प्रचंड ग्रंथ सिद्ध केला. त्यात नोंद आहे की कोरड्या दिवसांत हा पक्षी झाडात चोच रोवून लटकतो, आक्रसतो, पिसं गाळतो. आणि पावसाचा गडगडाट झाला, झाडाला पालवी फुटली, की पुन्हा जिवंत होतो.

ही भाकडकथा म्हणून सोडून देण्यासारखी नाही. एरवी मिनिटाला हजाराच्या घरात धडधडणारं याचं काळीज थंड रात्री पन्नासच्या आसपास येतं, अंग गार पडतं, हात लावला तरी तो हलत नाही. अन्न न मिळणाऱ्या रात्री शिल्लक पुरवण्याची ही त्याची युक्ती. पेरूच्या अँडीज पर्वतात संशोधकांनी एका जातीचं तापमान ३.३ अंश सेल्सियसपर्यंत उतरलेलं मोजलं. ते २०२० मध्ये प्रसिद्ध झालं. पहाटे अंग थरथरवत तो स्वतःला तापवतो आणि उडून जातो. नाहुआंनी एका रात्रीचा अख्खा ऋतू केला, पण पाहिलं होतं ते खरंच.

१५२१ मध्ये राज्य स्पॅनिशांच्या हाती गेलं. देवळं पाडली गेली, पिसांचे कारागीर मात्र टिकले. हमिंगबर्डच्या झळाळत्या पिसांचंही काम करणारे हे हात आता ख्रिस्ती चित्रं घडवू लागले. पोप तिसरा पॉल याच्यासाठी १५३९ मध्ये केलेलं असं एक पिसांचं चित्र आज फ्रान्समध्ये आहे.

पक्ष्याची ताकद पुढे प्रेमाकडे वळली. मेक्सिकोत त्याला 'चुपारोसा', म्हणजे गुलाब चोखणारा, असंही म्हणतात. मेलेला, वाळवलेला चुपारोसा लाल धाग्यात गुंडाळून, सोबत छापील प्रार्थना देऊन, प्रियकर वश व्हावा म्हणून विकला जातो. मेक्सिको सिटीतला सोनोरा बाजार या असल्या वस्तूंसाठी प्रसिद्ध. तिथून ही पुडकी सीमेपलीकडे जातात. अमेरिकेत १९१८ च्या स्थलांतरित पक्ष्यांच्या कायद्याखाली तो नुसता जवळ बाळगणं हाही गुन्हा आहे, आणि तिथले वन्यजीव अधिकारी सामान तपासताना अशी पुडकी शोधतात.