अडीच सेकंदांतला जॅझ

अहमद जमाल या जॅझ पियानोवादकाच्या त्रिकुटाने १९७० साली ‘आय लव्ह म्युझिक’ वाजवलं. सात मिनिटांहून लांब वादन. त्यात जमाल एके ठिकाणी एक सुरेख जागा घेतात आणि सरळ पुढे निघून जातात. न्यूयॉर्कच्या पीट रॉक या संगीतनिर्मात्याने नेमकी तीच जागा रेकॉर्डवरून उचलली, खाली दणकट ड्रम घातले आणि तिला गोल गोल फिरवत ठेवलं. त्यावर १९९४ मध्ये नॅस या रॅपरचं ‘द वर्ल्ड इज युअर्स’ उभं राहिलं. मूळ वादनात ओझरती आलेली जागा इथे गाण्याचा कणा झाली.

याला उचलेगिरी म्हणणारे तेव्हाही होते. पण उचललेला तुकडा जसाच्या तसा राहत नव्हता. त्याचं बरंचसं श्रेय यंत्राच्या तोकडेपणाला जातं.

त्या पिढीच्या हिप-हॉप निर्मात्यांचं लाडकं यंत्र म्हणजे ई-म्यू कंपनीचा १९८७ चा सॅम्पलर (आवाजाचा तुकडा साठवून हवा तसा वाजवणारं यंत्र), एसपी-१२००. त्याची एकूण स्मृती जेमतेम १० सेकंदांची, आणि एक तुकडा जास्तीत जास्त अडीच सेकंदांचा. एवढ्यात पियानो, बास, ड्रम सगळं बसवायचं! मग एक युक्ती निघाली. मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी एलपी ४५ च्या वेगाने लावायची. सूर १.३५ पट चढतो, म्हणजे षड्जाचा जवळजवळ मध्यम होतो, पण तेच वादन कमी वेळात उरकतं. ते यंत्रात भरायचं आणि नंतर तिथेच सूर खाली आणायचा. अडीच सेकंदांच्या जागेत सुमारे ३.४ सेकंदांचं संगीत मावतं.

फुकट मात्र काही मिळत नाही. हा सॅम्पलर ध्वनिलहरीची उंची सेकंदाला सुमारे २६,००० वेळा मोजतो, त्यामुळे १३,००० हर्ट्‌झच्या वरचा आवाज त्याला नीट पकडता येत नाही. रेकॉर्ड जोरात फिरवल्यावर सगळेच सूर वर सरकतात, म्हणून मूळ रेकॉर्डवरचं साधारण ९,६०० हर्ट्‌झच्या वरचं सगळं या मर्यादेबाहेर जातं. झांजांची चकाकी विझते. शिवाय प्रत्येक मोजमाप १२ बिटांचं, म्हणजे ४,०९६ पायऱ्यांमध्ये बसवलेलं. सीडीला ६५,५३६ पायऱ्या असतात. पियानोचा सूर विरत जाताना ही भरड मोजणी कानाला जाणवते.

खरी गंमत सूर उतरवताना होते. आवाज लांबवायला मधले नवे आकडे लागतात. ते हिशेबाने काढण्याऐवजी एसपी-१२०० आधीचाच आकडा पुन्हा वापरतो. गुळगुळीत लहरीला बारीक बारीक पायऱ्या पडतात, आणि मूळ वादनात नसलेल्या उंच कंपनसंख्या तयार होतात. हीच ती खरखरीत, किंचित धातूसारखी किणकिण. अभियंत्यांच्या भाषेत हा दोष. हिप-हॉपवाले मात्र आज त्याच दोषासाठी ही जुनी यंत्रं शोधत फिरतात, आणि माझ्या मते त्यांचे कान बरोबर आहेत.

म्हणजे उचलली जाते ती धून कमी आणि नाद जास्त. हा फरक पुढे अमेरिकेच्या कोर्टातही गाजला. बासरीवादक जेम्स न्यूटन यांच्या ‘क्वायर’ या रचनेतले सुरुवातीचे सहा सेकंद बीस्टी बॉइज या रॅप गटाने १९९२ मध्ये ‘पास द माइक’ या गाण्यासाठी घेतले. ध्वनिमुद्रणाचे हक्क ईसीएम कंपनीकडे होते. तिला १,००० डॉलर देऊन परवानगी घेतलेली होती. पण रचना न्यूटन यांची होती आणि त्यांना कोणी विचारलं नव्हतं. त्या तुकड्यात ते बासरी फुंकता फुंकता स्वतः गात आहेत. गळ्याचा आणि बासरीचा सूर एकमेकांत मिसळून तिथे जो कंप उठतो तो विलक्षण आहे. कागदावर मात्र तिथे एक धरून ठेवलेला सूर आणि त्यावर तीनच स्वर आहेत. रचना म्हणून एवढा अंश नगण्य ठरतो, असा निकाल अपील कोर्टाने २००३ मध्ये दिला. न्यूटन हरले.